शिराळ्याचा नाग व बुबास्तिसचे मांजर

जो प्राणी पूज्य तो अवध्य, आणि जो अवध्य तो सुरक्षित, असा एक समज प्राणिपूजेच्या विवेचनात पुष्कळदा गृहीत धरला जातो. प्राचीन ईजिप्तमधील मांजर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. परंतु ईजिप्तमधील पुरावा बारकाईने पाहिला, तर हा समज जसाच्या तसा टिकत नाही. आणि सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपूजेचा विचार करतानाही तो बाजूला ठेवावा लागतो.

ईजिप्तमध्ये मांजराचा प्रवेश प्रथम कोठारात झाला, देवालयात नंतर. नाईलच्या पुरावर पिकणारे धान्य हे त्या राज्याचे खरे धन होते, आणि उंदीर व साप हे त्याचे शत्रू. थीब्ज येथील थडग्यांतील चित्रांत मांजर गृहिणीच्या आसनाखाली बसलेले दिसते. तिसऱ्या आमेनहोतेपचा पुत्र थुतमोस याने आपल्या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करविली होती. ईजिप्शियन भाषेत मांजराला ‘मिऊ’ म्हणत. मराठी बालकालाही या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. घरातील हा स्नेह पुढे धर्मात उतरला. सिंहमुखी बास्तेत देवी कालांतराने मार्जारमुखी झाली. इ. स. पू. ९४५ च्या सुमारास बाविसावा राजवंश सत्तेवर आल्यावर तिच्या बुबास्तिस या नगरीचे महत्त्व फार वाढले. घरातील मांजर मेल्यास घरची माणसे भुवया काढून सुतक पाळीत, असे हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात नमूद केले आहे.

तथापि याच धर्माची दुसरी बाजू क्ष-किरणांनी उघड केली. देवीला नवस म्हणून वाहिलेल्या मांजरांच्या ममी तपासल्या असता, त्यांतील अनेक मांजरे अल्पवयीन असून त्यांची मान मुरगळलेली असल्याचे आढळले. यात्रेकरूंची मागणी पुरविण्यासाठी ती पाळली व मारली जात, हे यावरून स्पष्ट होते. काळाचा उपरोध असा, की १८९० साली अशा सुमारे १,८०,००० ममी खतासाठी लिव्हरपूल बंदरात उतरविण्यात आल्या. घरात ज्याच्यासाठी शोक केला जाई, तोच प्राणी देवस्थानात अर्पणाची वस्तू झाला होता.

ईजिप्तच्या कोठाराला आणखी एक रक्षणकर्ती होती, ती म्हणजे नागरूपिणी रेनेनुतेत देवी. सुगीची आणि धान्याची ही देवता शिराळ्याच्या शेतकऱ्यास अपरिचित वाटणार नाही. मोरणेच्या काठचे हे गाव जुन्या सातारा जिल्ह्यातील. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. वारणा खोऱ्यातील भातशेतीत उंदरामागे नाग येतो. तो पिकाचा राखणदारही असतो आणि माणसाचा काळही. नागपंचमीस नांगरणे, खणणे, चिरणे, तळणे वर्ज्य मानण्याच्या सर्वत्र आढळणाऱ्या प्रथेत हे दुहेरी नाते व्यक्त होते. स्त्रिया नागाला भाऊ मानून पूजतात. मात्र पूजा होते ती मातीच्या किंवा पाटावर चंदनाने रेखिलेल्या नागाची. साताऱ्याकडील पालीच्या खंडोबाचा कुत्राही असाच देवाचा सोबती म्हणून मूर्तीत व चित्रात मान्यता पावतो.

शिराळ्याने ही प्रतिमेची मर्यादा ओलांडली. आख्यायिका अशी की, महाजनांच्या घरी गोरक्षनाथ भिक्षेस आले असता गृहिणी मातीच्या नागाच्या पूजेत गुंतली होती. जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी विचारले, तिने होकार दिला आणि तेथून प्रथा सुरू झाली. पंचमीपूर्वी रानातून नाग पकडावयाचे, मडक्यांत ठेवावयाचे, अंबामातेचे दर्शन घडवून मिरवावयाचे, घरोघरी पूजावयाचे आणि मग जेथून आणले तेथे सोडावयाचे, असा तिचा क्रम होता. पुढे लांब नागाच्या व उंच फणा काढणाऱ्या नागाच्या स्पर्धा भरू लागल्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार परवानगीवाचून नाग पकडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचे जाहीर प्रदर्शन बंद झाले. २०२५ साली केंद्र शासनाने २१ व्यक्तींना शैक्षणिक प्रयोजनार्थ अनुज्ञा दिली. ती मिरवणुकीसाठी किंवा स्पर्धेसाठी नव्हती. ‘आम्ही नाग मारीत नाही, म्हणून तो येथे टिकला’ ही ग्रामस्थांची बाजू. बंदिवास व वारंवार हाताळणी यांनी नागास इजा होते, आणि दूध हा सापाचा आहारच नव्हे, ही प्राणिमित्रांची बाजू.

या वादात श्रद्धा विरुद्ध कायदा अशी सरळ मांडणी अपुरी ठरते. बुबास्तिसप्रमाणे शिराळ्यातही दोन निराळे आचार एकाच नावाखाली नांदत आले. शेतात दिसलेल्या नागावर काठी न उचलण्याचा संयम हा एक, आणि उत्सवासाठी त्याला हस्तगत करणे हा दुसरा. पहिल्यात प्राण्याला त्याच्या जागी राहू दिले जाते, दुसऱ्यात उत्सवाची गरज त्याच्यावर लादली जाते. दोन्ही ठिकाणी भेद आहे, तो हेतूचा व परिणामाचा: ईजिप्तमध्ये अर्पणासाठी वध होई, तर शिराळ्यात नाग परत सोडण्याचा दंडक होता. हा फरक लहान नव्हे. पण यावरून निघणारा निष्कर्ष एकच: प्राण्याचे पावित्र्य त्याच्या जीविताची हमी देत नाही, ती हमी त्या पावित्र्याने माणसाच्या हातावर कोणते बंधन घातले, यावर अवलंबून असते. नागपंचमीच्या दिवशी नांगर थांबविणारा शेतकरी ते बंधन आजही पाळतो. त्यासाठी त्याला नाग पकडावा लागत नाही.