नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!

● पहिला कागद : मृत्यूचा दाखला. मृत्यू डोंबिवलीत झाला असल्यास तो कल्याण-डोंबिवली महापालिकेकडून मिळतो. जादा प्रती घेऊन ठेवाव्यात.

● नॉमिनी : बँक पैसे त्याच्या हाती देते, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसाहक्क कायद्याने ठरते. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर्सबाबतही हेच स्पष्ट केले.

● मृत्युपत्र नसल्यास : ठेवी, शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र (भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५), घर-जमिनीसाठी वारस प्रमाणपत्र (मुंबई विनियम ८, १८२७). डोंबिवलीकरांना त्यासाठी सहसा कल्याणचे दिवाणी न्यायालय गाठावे लागते.

● हक्कसोडपत्र : बहिणींनी किंवा आईने सही करण्याआधी स्वतःचा वकील गाठावा. फ्लॅटमधील हिस्सा सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो आणि नोंदवलेला दस्त रद्द करून घेणे सोपे नसते.

● मोफत वकील : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही. कल्याणची तालुका विधी सेवा समिती किंवा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. हेल्पलाइन : १५१००.