फ्लॉरेन्सचा 'इंडियानो' कोण?

सुट्टी संपून वर्ग भरू लागले की मुले आपापल्या प्रवासाच्या गोष्टी घेऊन शाळेत येतात. पूर्वी या गोष्टी ओंकारेश्वर, शेगाव, शिर्डी, फार झाले तर मुंबई येथपर्यंतच असत. आता आपल्या समाजातील काही कुटुंबे युरोपलाही जाऊन येतात. आम्हाला याचा आनंद आहे. पण त्याबरोबर वर्गात एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. युरोप पाहिलेली दोन-तीन मुले एका बाजूला आणि बाकीची सगळी दुसऱ्या बाजूला, असे होते. मधल्या सुट्टीत मोबाइलवरील फोटो पाहून झाले की बाकीची मुले गप्प बसतात. आपल्या गावाविषयी सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, असे त्यांना वाटू लागते. म्हणून हा विषय या अंकासाठी घेतला आहे.

दहावीची एक विद्यार्थिनी यंदा आई-वडील, धाकटा भाऊ आणि आजी यांच्यासह मे महिन्यात युरोपची सहल करून आली. पंधरा दिवसांत सात देश, असा तो कार्यक्रम होता. इतक्या धावपळीतही तिने रोज रात्री वहीत काही ना काही लिहिले, हे विशेष. ती वही तिच्या परवानगीने आम्ही वाचली. आयफेल टॉवरबद्दल तिने दोनच ओळी लिहिल्या आहेत. पण आजींनी बांधून आणलेल्या दशम्या कोणत्या शहरात संपल्या, नळाचे पाणी सरळ पिता येते यावर वडिलांचा विश्वास कितव्या दिवशी बसला, स्वच्छतागृहात जाण्यासाठी नाणे का द्यावे लागते, हे सर्व तिने नीट नोंदवले आहे. आमच्या मते हेच खरे प्रवासवर्णन.

तिचे काही प्रश्नही वहीत होते. पॅरिसला रात्री साडेनऊपर्यंत उजेड कसा? याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. आपले बऱ्हाणपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, तर पॅरिस सुमारे ४९ अंशांवर. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेकडे जावे तसा दिवस मोठा होतो. जूनमध्ये आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आत संपतो, तेथे तो सोळा तासांपेक्षा थोडा अधिक असतो. शिवाय उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. हिवाळ्यात हाच हिशेब उलटा होतो आणि दुपारी पाचच्या सुमारासच दिवे लागतात.

दुसरा प्रश्न आजींचा होता. बस चालतच राहिली आणि देश बदलला, तो केव्हा? १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या लहानशा गावी पाच देशांनी एक करार केला. आपसातील सरहद्दींवरची तपासणी हळूहळू काढून टाकायची, असे ठरले. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. एकदा आत शिरलात की आपण रावेरला जातो तितक्याच सहज बेल्जियमहून जर्मनीला जाता येते. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत आहे, पण त्याचे चलन युरो नाही, फ्रँक आहे. इंग्लंडचा व्हिसा मात्र वेगळा काढावा लागतो. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की परत निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी, आणि किमान ३० हजार युरोचा प्रवासातील वैद्यकीय विमा लागतो. मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा बहुधा कमी असते, म्हणून त्यांची तारीख आधी पाहावी.

तिसरा प्रश्न मात्र पुस्तकात सापडणारा नव्हता. इटलीत फ्लॉरेन्स शहराजवळून बस जात असताना तिला रस्त्याच्या पाटीवर 'इंडियानो' असा शब्द दिसला. पुढे एक मोठा पूल होता. सहलीच्या मार्गदर्शकाला विचारले, तर त्याला ठाऊक नव्हते, आणि बस थांबवण्यास वेळही नव्हता. तिने तो शब्द वहीत उतरवून पुढे प्रश्नचिन्ह घातले आणि आमच्याकडे आणला.

इटालियन भाषेत 'इंडियानो' म्हणजे भारतीय. तो पूल 'भारतीयाचा पूल' म्हणून ओळखला जातो आणि तो भारतीय आपला मराठी माणूस आहे.

कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८६६ साली दत्तक म्हणून गादीवर आले. जन्म १८५० चा, म्हणजे तेव्हा वय अवघे सोळा. १८७० साली ते युरोपच्या प्रवासास निघाले, तेव्हा आपल्या बारावीच्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे होते. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानणारा तो काळ होता. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. इंग्लंडला जाणाऱ्या पहिल्या काही हिंदू राजांमध्ये त्यांची गणना होते. आई-वडील बरोबर नव्हते. कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी आणि आपल्याकडील काही मंडळी, एवढाच त्यांचा परिवार.

त्याच वर्षीची आपल्या गावाची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे रेल्वेचे दोन मार्ग जोडले गेले आणि मुंबईहून थेट कलकत्त्यापर्यंत गाडी जाऊ लागली. ती भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा अशी आपल्या दारावरून जात होती. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत जगाची फेरी करणाऱ्या माणसाची कथा १८७२ मध्ये लिहिली. तिच्यात ही गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि नायकाचा नोकर येथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या चपला विकत घेतो. व्हर्न स्वतः भारतात कधीच आले नव्हते. पण गावाचे नाव त्यांना माहीत होते.

राजाराम महाराज इंग्लंडमध्ये काही महिने राहिले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहिले. महत्त्वाचे हे की ते रोज डायरी लिहीत. ती डायरी वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. डायरी इंग्रजीत आहे आणि बरोबरचा अधिकारीच तिचा संपादक, तेव्हा राजाच्या मनातले सर्व काही तिच्यात आले असेल असे आम्हाला वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलाला कोल्हापूरची आठवण किती वेळा आली असेल आणि त्यातले कागदावर किती उतरले असेल, हा विचार वाचकाने आपल्या मनाशी करावा. तरीही आज त्या प्रवासाविषयी त्यांच्या स्वतःच्या शब्दांत जे काही कळते, ते या वहीमुळेच.

परतीच्या वेळी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते. पॅरिसला वेढा पडला होता. महाराज बेल्जियम, जर्मनी या मार्गाने निघाले. नोव्हेंबरची थंडी होती. आल्प्स पर्वतातील इन्सब्रुक येथे प्रकृती बिघडली. तशाच अवस्थेत त्यांना फ्लॉरेन्सला आणले गेले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आता अडचण अशी की इटलीत मृतदेह पुरण्याची रीत होती, दहनाची नव्हती. मिलानला पहिली दहनभट्टी सुरू झाली ती १८७६ मध्ये. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते. तेथील अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. दहन नदीच्या संगमावर व्हावे म्हणून शहराच्या पश्चिमेला आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात ती जागा निवडली गेली आणि रात्रीच्या वेळी हिंदू पद्धतीने चिता पेटली. राजघाटावर तापीकाठी उभे राहिलेल्या आपल्या मुलांना ही जागा का निवडली हे समजावून सांगण्याची गरज नाही. फ्लॉरेन्सच्या लोकांना मात्र ते सर्व नवीन होते.

१८७४ मध्ये त्या ठिकाणी स्मारक झाले. चार खांबांवर छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा चार्ल्स फुलर यांचा, तर छत्रीची रचना चार्ल्स मँट या वास्तुविशारदाची. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे याच मँट यांनी बांधला. १९७८ मध्ये जवळच आर्नो नदीवर पूल झाला आणि त्याला स्मारकावरून 'इंडियानो' हे नाव पडले. आज त्या पुलावरून जाणाऱ्या किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल, कोण जाणे.

दहावीच्या वर्गात आम्ही हे सांगितले, तेव्हा एका मुलाने विचारले, "मग त्यांच्याकडचे लोक आपल्याकडे येत नव्हते का?" येत होते, आणि तेही वह्या लिहीत होते. इंग्रज वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरास आला, शहजादा परवेझला भेटला आणि येथेच तापाने आजारी पडला. गावाबद्दल त्याचे मत चांगले झाले नाही. शहजादा, खानखानान आणि थोडे बडे लोक सोडले तर सगळी मातीची घरे, असे त्याला दिसले. त्याच सुमारास अब्दुल रहीम खानखानान यांच्या आमदानीत कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. सातपुड्याकडून जमिनीखालून झिरपत येणारे पाणी भुयारांतून आणि कुंड्यांतून गावाला पुरवणारी ती व्यवस्था आजही पाहता येते. पण जमिनीखालचे काम रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्याला दिसत नाही. पुढे फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये आला. त्यालाही गाव मोडकळीस आलेले दिसले, मात्र त्याने बाजारही पाहिला. येथील बारीक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले. आमच्या मते रोपेक्षा ताव्हेर्निये चांगला प्रवासी. त्याने भिंतींबरोबर मालाच्या गाठीही पाहिल्या आणि त्या कोठे जातात याची चौकशी केली.

ज्या मुलांना युरोपला जायला मिळणार नाही, त्यांनी या सत्रात कुंडी भंडारा, राजघाट किंवा आपल्या मोहल्ल्यातील एखादा पॉवरलूमचा कारखाना परगावच्या माणसाने पाहावा तसा पाहून दोन पाने लिहून आणावीत. जी मुले बाहेर जाऊन आली आहेत, त्यांनी फोटोऐवजी वही आणावी. दोन्ही प्रकारच्या वह्या वाचनालयात एकाच कपाटात ठेवण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे.

ज्या कुटुंबांच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्स आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. स्मारक काशिने नावाच्या सार्वजनिक उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. उद्यान आर्नोच्या काठाने तीन किलोमीटरहून अधिक लांब पसरले आहे. सहलीच्या बसगाड्या सहसा तिकडे जात नाहीत. शहराच्या बाजूने आत शिरून नदी डावीकडे ठेवून चालत राहावे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर तासभर लागेल, पाण्याची बाटली जवळ असू द्यावी.