ओतीव चाकातली पोकळी

कापडाच्या दुकानात एक गंमत तुम्ही पाहिली असेल. हाताने ओढून न फाटणारे कापड दुकानदार काठाला कात्रीने जराशी चीर देऊन टर्रकन फाडतो. त्याच्या हाताचे बळ वाढत नाही. ते चिरेच्या टोकाशी एकवटते. मोटारसायकलच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाला हाच धोका असतो. तेथे चिरेचे काम पोकळी करते.

ही पोकळी येते कोठून? तप्त ॲल्युमिनियमची हवेतील बाष्पाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो व द्रवात विरघळतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° सेल्सिअसला गोठते, तेव्हा हायड्रोजन सामावण्याची त्याची क्षमता सुमारे विसाव्या हिश्शावर येते. उरलेला वायू गोल बुडबुडे होऊन अडकतो. बर्फाच्या खड्यात हवेचे पांढरे बुडबुडे अडकतात ना, तसाच! शिवाय गोठताना धातूचे आकारमान सुमारे ६ टक्के घटते. ती तूट भरायला द्रव पोचला नाही, तर वेड्यावाकड्या, टोकदार पोकळ्या राहतात.

चाक नुसते उभे असेल, तर त्यांनी फारसे बिघडत नाही. पण चाक फिरते. त्याचा घेर २ मीटर धरा. २०,००० किलोमीटर धावताना ते १ कोटी फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात ताण वाढतो व उतरतो. गोल पोकळीच्या काठाशीही ताण सुमारे दुप्पट होतो. टोकदार पोकळीशी त्याहून अधिक. तेथे बारीक तडा सुरू होऊन हळूहळू वाढतो. धातूच्या या थकण्याला ‘श्रांती’ म्हणतात.

आता एक कोडे. दोन चाकांतील पोकळ्यांचे एकूण आकारमान सारखेच आहे. एकात खोलवर विखुरलेली शेकडो सूक्ष्म छिद्रे, दुसऱ्यात पृष्ठभागालगत एकच मोठी पोकळी. आधी कोणते तुटेल?

दुसरे! आर्किमिडीजच्या तत्त्वाने घनता काढली, तर मात्र दोन्ही सारखीच ठरतील. म्हणून कारखान्यात चाके क्ष-किरणांनीही तपासतात. त्याआधी द्रवातून आर्गॉन किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हायड्रोजन बाहेर काढतात. साच्याला जोडून जादा द्रवाचा साठाही ठेवतात. तो सर्वांत शेवटी गोठतो आणि तोवर तूट भरत राहतो.

तेव्हा छिद्रे एकूण किती, एवढेच विचारून भागत नाही. सर्वांत मोठे छिद्र केवढे आणि कोठे आहे, यावर चाकाचे आयुष्य ठरते, आणि चाकावर बसणाऱ्याची सुरक्षितताही.