मान वाकडी, पण दोष डोळ्यात



वसतिगृहात किंवा बालवाडीत एखादे मूल नेहमी मान एका खांद्याकडे झुकवून बघताना आपण पाहिले असेल. "सरळ बघ" म्हटले की क्षणभर सरळ होते, पुन्हा तसेच. घरचे म्हणतात सवय आहे. कुणी मानेला तेल चोळते. पण अशा काही मुलांची मान ठणठणीत असते. त्यांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी हलतो. त्यांतल्या एका स्नायूची दोरी नाकाजवळच्या लहानशा कप्पीतून जाते. डोळा नाकाकडे वळला असताना त्याला खाली ओढणे हे त्याचे एक काम. मेंदूतून येणारी चौथी नस त्याला चालवते. हा स्नायू जन्मतः कमजोर असला तर तो डोळा वर सरकतो आणि एका वस्तूच्या दोन दिसू शकतात. मान दुसऱ्या बाजूला झुकवली की दोन्ही चित्रे जुळतात. त्यामुळे मूल आपोआप तसे करू लागते आणि तिरळेपणा झाकला जातो. म्हणून रागावून उपयोग नाही.

डॉक्टर हे कसे ओळखतात? अमेरिकेतील डॉ. मार्शल पार्क्स यांनी 1958 मध्ये मांडलेली तीन पायऱ्यांची तपासणी आजही वापरतात. कोणता डोळा वर आहे? फरक उजवीकडे बघताना वाढतो की डावीकडे? मान कोणत्या खांद्याकडे झुकवल्यावर वाढतो? समजा, उजवा डोळा वर आहे, आणि डावीकडे बघताना व मान उजवीकडे झुकवल्यावर फरक वाढतो. मग संशय उजव्या डोळ्याच्या कप्पीतल्या स्नायूवर जातो.

प्रत्येक मूल या चौकटीत बसत नाही. काहींची कप्पीतली दोरीच अडकते. डोळा नाकाकडे वळला की वर जात नाही. काहींचा डोळा फक्त थकल्यावर किंवा झाकल्यावर वर तरंगतो. उपचार वेगवेगळे असल्याने नेमके निदान महत्त्वाचे.

आपणही थोडे पाहू शकतो. मुलाचा एक डोळा हाताने काही मिनिटे झाका. मान सरळ झाली तर दोष डोळ्याचा असण्याची शक्यता वाढते. मात्र सरळ झाली नाही म्हणून तपासणी टाळू नका. तान्हेपणीचे फोटो असतील तर डॉक्टरांकडे सोबत न्या. त्यांतही मान झुकलेली असेल तर त्रास जुना आहे हे कळते.

मान किंवा डोळा अचानक वाकडा झाला, डोक्याला मार लागला, डोकेदुखी वा उलट्या असल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वेळ गेली तर चेहऱ्याची एक बाजू लहान राहू शकते, एका डोळ्याची नजर मंदावू शकते. चष्मा, डोळ्यावरची पट्टी किंवा शस्त्रक्रिया यांनी पुष्कळ मुलांना फायदा होतो. पुढच्या भेटीत असे लेकरू दिसले तर त्याच्या आईवडिलांशी बोला आणि त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचवा.