गामा असता तर? निरनिराळ्या काळांतील मल्लांच्या तुलनेविषयी

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराची यात्रा असो, की चैत्रात मंचर-घोडेगावच्या परिसरातील एखाद्या ग्रामदैवताची, अखेरची मानाची कुस्ती खडाखडीतच रेंगाळली आणि पंचांनी ती बरोबरीत सोडवली, म्हणजे आखाड्याच्या कडेला बसलेल्या जाणत्या मंडळींतून एक फैसला हटकून ऐकू येतो: आताचे मल्ल नावाचेच, गामा असता, मारुती माने असते, तर या दोघांनाही एका हाताने अस्मान दाखवले असते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत हे विधान मी इतक्या मुखांतून आणि इतक्या निःशंक स्वरात ऐकले आहे, की त्याचा प्रतिवाद करणे आता कर्तव्यच वाटते. कारण त्यात जुन्या मल्लांविषयी आदर दिसत असला तरी त्यांच्या खऱ्या पराक्रमाचे आकलन नाही, आणि आज तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांवर तर उघड अन्याय आहे.

या विधानाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: कुस्ती तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे, बदलली ती केवळ माणसे. हे गृहीतक किती पोकळ आहे याचा दाखला खुद्द गामाच्याच चरित्रात आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को यांची कुस्ती गादीवर झाली. आपल्यापेक्षा वजनदार असलेल्या या प्रतिस्पर्ध्याला गामाने प्रारंभीच खाली नेले. परंतु खाली गेलेला झ्बिश्को पोटावर पालथा पडून गादीला असा चिकटून राहिला, की अडीच तासांच्या सुमारास कुस्ती अनिर्णित ठेवावी लागली. पुढच्या शनिवारी झ्बिश्को आखाड्यात हजरच झाला नाही, म्हणून जेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. पुढे जानेवारी 1928 मध्ये तेच दोघे पतियाळाला मातीत समोरासमोर आले आणि एका मिनिटाच्या आत झ्बिश्को चीत झाला. दोघांचे वय जवळजवळ सारखे, म्हणजे तोवर दोघेही पन्नाशीला टेकलेले. तेव्हा एकाचे तारुण्य आणि दुसऱ्याचे वार्धक्य ही सबबही येथे लागू पडत नाही. माणसे तीच, बदलले होते ते पायांखालचे मैदान आणि लढतीचा कायदा. जेथे एकाच जोडीचा निकाल एवढ्यावरून अडीच तासांच्या बरोबरीपासून मिनिटाच्या चितपटीपर्यंत जातो, तेथे शंभर वर्षांच्या अंतरावरच्या दोन मल्लांचा निवाडा आखाड्याच्या कडेला बसून कोणत्या आधारावर करावयाचा?

आणि कायदा तर त्यानंतर कितीतरी पालटला. मातीतल्या निकाली कुस्तीत गुणांचा हिशेब नाही, पाठ लागली की निकाल. पूर्वी त्यास मुदतही नसे, म्हणून मल्ल दम राखून, प्रतिस्पर्ध्याला थकवून, अर्ध्या-पाऊण तासानंतर डाव टाकीत असे. आजची आंतरराष्ट्रीय लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी मिळाली की तेथेच समाप्ती. निष्क्रिय राहणाऱ्यास दंड. आणि झ्बिश्कोसारखा कोणी पालथा पडून राहिला, वरच्यालाही काही साधता आले नाही, की पंच दोघांनाही उभे करतात. मातीत लंगोटाला हात घालता येतो, गादीवर पोशाख धरणे निषिद्ध. अशा स्थितीत गामाला आजच्या गादीवर आणावयाचे, की आजच्या मल्लाला पतियाळाच्या मातीत न्यावयाचे, हे ठरविल्यावाचून ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाला अर्थच राहत नाही. आणि ते ठरविले, म्हणजे निम्मा निकाल आपणच देऊन टाकलेला असतो.

परदेशांतही हा मोह सुटलेला नाही. हेवीवेट मुष्टियुद्धात रॉकी मार्सियानो आणि महंमद अली यांची काल्पनिक लढत 1969 साली चित्रित करण्यात आली आणि निकाल संगणकाने काढला असे जाहीर झाले. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेतील प्रेक्षकांना तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला दिसला, तर युरोपात दाखविलेल्या आवृत्तीत अली विजयी ठरला. यंत्राची साक्षही प्रेक्षक पाहून बदलली, मग यात्रेतल्या साक्षीची काय कथा!

तुलना मुळीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. ती करावी, परंतु प्रत्येकाची त्याच्या समकालीनांशी: त्या काळी जे जे तुल्यबळ होते त्यांच्याशी तो लढला काय, किती वर्षे अग्रस्थानी राहिला, पराभवानंतर पुन्हा उभा राहिला काय. या कसोटीस दफ्तरी पुरावा मिळतो आणि मल्लांना न्यायही मिळतो. गामा तीवर उत्तम उतरतो. त्यासाठी आजच्या कोणाला कल्पनेत पाडण्याची गरज नाही.

याच पंक्तीतले आणखी काही समज थोडक्यात. ‘मातीतला मल्ल गादीवर निरुपयोगी’: 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या लाल मातीतल्या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. ‘धिप्पाड तो श्रेष्ठ’: 1919 साली मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सीने आपल्याहून पंचवीसएक किलोंनी भारी असलेल्या जेस विलार्डला तीन फेऱ्यांत निकामी केले. ‘अजिंक्य तोच सर्वश्रेष्ठ’: मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून निवृत्त झाला खरा, पण सुमारे 85 किलो वजनाचा तो योद्धा आजच्या वर्गवारीत हेवीवेटच्या खालच्या गटात सहज बसला असता. आणि ‘खाशाबा जाधव म्हणजे अवाढव्य पैलवान’, हा तर फोटो न पाहिल्याचा परिणाम: 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारा कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 57 किलो गटात लढला होता.