चार माणसांची झोपडी, सव्वा लाख पाहुणे

अंटार्क्टिकात रॉस समुद्राच्या तोंडाशी केप अडेअर नावाचं भूशिर आहे. तिथे लाकडाची एक झोपडी उभी आहे. १८९९ साली कार्स्टेन बोर्खग्रेविंक आणि त्याचे नऊ साथीदार तिच्यात राहिले. या खंडाच्या भूमीवर माणसानं काढलेला तो पहिला हिवाळा, आणि ती झोपडी ही इथली पहिली इमारत. दहांपैकी एक जण वसंत उजाडताना वारला. त्याला जवळच्या कड्यावर पुरलं. आज ही जागा संरक्षित आहे. तिथे पाय ठेवायला परवाना लागतो. परिसरात एका वेळी जास्तीत जास्त चाळीस माणसं आणि झोपडीत, सोबतचा गाईड धरून, चार. दहा जणांनी जिथे काळोखाचे महिने काढले, तिथे आज पाचव्या माणसानं उंबऱ्याबाहेर थांबायचं.

हा चारचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. एका लाकडी खोलीला किती श्वास, किती दमट कपडे, किती बुटांची माती सोसेल, याचा कुणीतरी बसून विचार केला आणि तो आकडा लिहून ठेवला.

आता दुसरा आकडा. २०२३-२४ च्या एका उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला गेलेले पर्यटक जवळजवळ १ लाख २२ हजार होते. त्यांतल्या सुमारे ४३ हजारांनी जहाजावरूनच बर्फ पाहिलं; उरलेल्या ७८-७९ हजारांनी पाऊल ठेवलं. १९९१-९२ मध्ये ही सगळी संख्या सात हजारांच्या आत होती. एका पिढीच्या आत अठरा पट. आणि त्यातले बहुतेक सगळे जातात ते दक्षिण अमेरिकेकडे बोट रोखून असलेल्या अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे, नोव्हेंबर ते मार्च या पाचच महिन्यांत.

पण खंड केवढा! १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार भारत मावतील आणि वर जागा उरेल. बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात लाखभर माणसं म्हणजे दर्यात खसखस, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बर्फाबाहेर उघडी पडलेली जमीन तिथे अर्धा टक्कासुद्धा नाही. किनाऱ्यालगतच्या त्या उघड्या खडकांवर पेंग्विन घरटी करतात, शेवाळ वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं वाढतं, संशोधनकेंद्रं तिथेच बांधली जातात आणि पर्यटकांच्या रबरी होड्याही तिथेच लागतात. खंड मोठा आहे. अंगण फार लहान आहे. त्या अंगणातले रहिवासीही बघा. सपुष्प वनस्पतींच्या मूळच्या जाती दोन, एक गवत आणि एक गालिच्यासारखी पसरणारी बुटकी वनस्पती. पूर्णपणे जमिनीवर राहणारा सर्वांत मोठा मूळचा प्राणी म्हणजे पंख नसलेली एक माशी, लांबी दोन ते सहा मिलिमीटर. बुटाखाली काय आलं हे तिथे डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून परवाना. अंटार्क्टिका कुणा एका देशाचा नाही. १९५९ साली बारा देशांनी करार केला, १९९१ साली माद्रिदमध्ये पर्यावरणरक्षणाचा करारनामा झाला आणि १९९८ पासून तो लागू आहे. सहल नेणाऱ्या कंपनीनं सहसा आपल्या देशाच्या सरकारकडे अर्ज करायचा: कुठे उतरणार, किती माणसं, कचरा कसा परत आणणार, अपघात झाला तर काय. त्यावरून परिणामाचं मूल्यांकन होतं. परिणाम ‘किरकोळ किंवा तात्पुरता’ यापेक्षाही कमी दिसला तर लगेच हिरवा कंदील. तेवढाच असेल असं वाटलं तर प्राथमिक अहवाल. त्याहून जास्त असेल तर सविस्तर अहवाल, जो सगळ्या सदस्य देशांपुढे ठेवावा लागतो. पर्यटक जहाजांचे अर्ज साधारणपणे पहिल्या दोन पायऱ्यांवरच मार्गी लागतात.

नियम ढिले आहेत असं मुळीच नाही. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कुणालाही उतरवायचं नाही. एका ठिकाणी एका वेळी एकच जहाज, किनाऱ्यावर शंभरच पर्यटक, वीस जणांमागे एक गाईड. पेंग्विनपासून पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. खडा उचलायचा नाही. बर्डफ्लू आल्यापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत. माद्रिद करारनाम्यानं तर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांनाही १ एप्रिल १९९४ च्या आत खंडाबाहेर काढलं. अमुंडसेनला दक्षिण ध्रुवावर नेणाऱ्या कुत्र्यांच्या भाऊबंदांना परवाना नाकारला गेला, कारण त्यांच्याकडून सीलना रोगांची लागण होण्याची भीती होती.

इतके काटेकोर आकडे वाचून मन निवांत होतं, आणि तिथेच मला काळजी वाटते. ‘किरकोळ किंवा तात्पुरता’ म्हणजे नेमकं किती, याची व्याख्या करारनाम्यात नाही. एका जहाजाचा परिणाम किरकोळ असेलही. पण तेवढ्याच किरकोळ शेकडो फेऱ्या झाल्या तर?

दोन अभ्यासांनी ही बेरीज करून पाहिली आहे. २००७-०८ च्या मोसमात संशोधकांनी जाणाऱ्यांचे कपडे, बॅगा, बूट व्हॅक्यूम क्लीनरनं झाडले. वेल्क्रोत, खिशांच्या शिवणीत, कॅमेऱ्याच्या पिशवीत बिया अडकलेल्या. ज्यांच्याकडे त्या सापडल्या त्यांच्याकडे सरासरी साडेनऊ. त्यावरून काढलेला अंदाज: एका मोसमात सत्तर हजारांवर बिया अंटार्क्टिकात पोचल्या. त्या आणणारे नुसते पर्यटक नव्हते. दरडोई पाहिलं तर संशोधक आणि त्यांचे मदतनीस जास्त बिया घेऊन जात होते. किंग जॉर्ज बेटावरच्या पोलिश केंद्राजवळ १९८५-८६ मध्ये आपल्या बागांतून, रस्त्याकडेला उगवणारं पोआ ॲन्युआ हे साधं गवत रुजलेलं दिसलं. ते उपटण्यात पुढे वर्षानुवर्षं गेली.

दुसरा अभ्यास २०२२ चा. जहाजांच्या, विमानांच्या, जनरेटरच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतं, ऊन जास्त शोषतं. २०१६ ते २०२० या काळातल्या पर्यटकांचा हिशेब मांडून संशोधकांनी सांगितलं की एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळतं. ८३ टन म्हणजे ८३ हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे आठ टँकर. एका माणसामागे. या आकड्याला २०२३-२४ च्या पर्यटकसंख्येनं ढोबळ गुणलं तर एक कोटी टन होतात. आणि यातला प्रत्येक माणूस पेंग्विनपासून पाच मीटर लांब उभा राहिलेला असू शकतो.

उत्तरेकडे याचं उत्तर थोडं सोपं आहे, कारण तिथे मालक आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेचं राज्य चालतं. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागांत २०० हून जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ शकत नाही, उतरायला ४३ ठिकाणंच खुली आहेत, आणि ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, मार्च ते जून ५०० मीटर दूर राहावं लागतं. एका सरकारनं ठरवलं आणि झालं.

दक्षिणेत करारातल्या निर्णयाचा हक्क असलेल्या २९ देशांचं एकमत लागतं, एकानंही नको म्हटलं तर विषय थांबतो. पर्यावरणीय संकटाची जबाबदारी कुणाची, खर्च कुणाचा, हे सांगणारं परिशिष्ट २००५ साली स्वीकारलं गेलं. वीस वर्षांत ते लागू झालेलं नाही. आणि संकट कल्पनेतलं नाही. २००७ च्या नोव्हेंबरात ‘एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज बर्फावर आदळून बुडालं. १५४ जण वाचले. शंभर घनमीटरहून जास्त डिझेल जहाजाबरोबर खाली गेलं.

या २९ देशांत भारत आहे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आजही वास्कोला आहे. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानं परवाना सक्तीचा केला. परवान्याशिवाय परका प्राणी किंवा वनस्पती तिथे नेली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा ते पन्नास लाख दंड. मे २०२४ मध्ये करारातल्या देशांची वार्षिक बैठक कोचीला भरली, आणि पर्यटनाची सर्वंकष चौकट आखण्यासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र कार्यगट बसला. या गोष्टीचं मला मनापासून बरं वाटलं.

चौकट तयार होईपर्यंत मोसम थांबत नाही. नोव्हेंबर उजाडला की अर्जेंटिनातल्या उशुआइयाच्या धक्क्यावरून जहाजं सुटतात. प्रत्येकाच्या कागदांत पाच मीटर, वीस, शंभर, पाचशे हे आकडे असतात. सगळ्यांचा मिळून परिणाम किती याचाही विचार प्राथमिक अहवालात करावा, असं करारनामा सांगतो. अर्जदार तो आपल्या परीनं करतो. पण ती बेरीज ज्याच्याशी ताडून पाहायची, तो खंडासाठीचा आकडा अजून कुणी लिहिलेला नाही.