नकाशा नसलेली केरसुणी

रूम्बा हा जमिनीवरचा केर आपणहून काढणारा रोबो आहे. आयरोबॉट या अमेरिकी कंपनीने तो सप्टेंबर २००२ मध्ये सुमारे २०० डॉलरला बाजारात आणला. दिसायला तो जाडसर थाळीसारखा आहे. व्यास सुमारे ३४ सेंटिमीटर आणि उंची नऊ सेंटिमीटरच्या आसपास. उंची कमी, म्हणून तो पलंगाखाली शिरतो. आकार गोल, म्हणून कोपऱ्यात अडकला तरी जागच्या जागी वळून बाहेर पडतो.

आयरोबॉटची स्थापना कॉलिन अँगल, हेलन ग्रायनर आणि रॉडनी ब्रुक्स यांनी १९९० मध्ये केली. तिघेही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीतले. ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या विचाराचा रूम्बाच्या घडणीशी थेट संबंध आहे. त्या काळचे बहुतेक रोबो आधी भोवतालाचे पूर्ण चित्र मनात बांधायचे आणि मग पाऊल टाकायचे. ब्रुक्स यांनी हे चित्रच वगळले. संवेदक आणि मोटर यांना थेट जोडणारे लहान लहान नियम त्यांनी थरांनी रचले. गरज पडली की एक थर दुसऱ्याला गप्प करतो आणि तेवढ्यापुरता ताबा घेतो. एमआयटीतच काम करणाऱ्या जो जोन्स यांनी १९८९ मध्ये लेगोचे तुकडे वापरून जमीन झाडणारा एक छोटा रोबो बनवला. त्याचे नाव रग वॉरियर. त्याचे विकाऊ वस्तूत रूपांतर व्हायला तेरा वर्षे लागली.

ती वर्षे वाया गेली नाहीत. आयरोबॉटने हॅस्ब्रो या कंपनीबरोबर खेळण्यांवर काम केले, तेव्हा स्वस्तात आणि मोठ्या संख्येने वस्तू कशी बनवतात हे कंपनीला कळले. एस. सी. जॉन्सन या कंपनीसाठी मोठ्या इमारतींची सफाई करणारे यंत्र विकसित करताना सफाईच्या कामातले बारकावे समजले. १९९९ मध्ये, तोवर आयरोबॉटमध्ये आलेले जोन्स आणि त्यांचे सहकारी पॉल सँडिन यांनी घरगुती यंत्राचा प्रस्ताव ठेवला. पहिला नमुना उभा करायला त्यांना दोन आठवडे मिळाले.

यंत्राचे भाग मोजकेच आहेत. दोन बाजूंना दोन चाके असून प्रत्येकाला स्वतंत्र मोटर आहे. दोन्ही चाके सारख्या वेगाने फिरली की रोबो सरळ जातो आणि एकमेकांच्या उलट दिशेने फिरली की जागीच वळतो. पुढे एक लहान टेकूचाक आहे. पुढच्या अर्ध्या कडेला स्प्रिंगवर बसवलेले सैल कवच आहे. ते भिंतीला टेकून आत दबले की आतल्या संवेदकाला टक्कर कळते. पोटाखालचे अवरक्त संवेदक जमिनीवर किरण सोडतात. किरण परतला नाही तर पुढे जिना आहे असे समजून रोबो मागे सरतो. कडेचा फिरता ब्रश भिंतीलगतची धूळ मधल्या ब्रशकडे ढकलतो.

सुरुवातीच्या रूम्बाची वागणूकही तितकीच साधी ठेवलेली होती. मोकळ्या जागी रोबो वाढत्या वर्तुळांत फिरायचा, कशाला धडकला की कोन बदलून सरळ निघायचा आणि मधूनच काही वेळ भिंतीला धरून चालायचा. आपण कुठे आहोत किंवा कुठली जागा झाडून झाली आहे, याचा त्याला पत्ता नसायचा. पहिल्या रूम्बावर लहान, मध्यम आणि मोठी खोली अशी तीन बटणे होती. खोलीचा आकार माणूस सांगायचा आणि त्यावरून काम किती वेळ करायचे ते ठरायचे.

या भटकण्यामागे साधे गणित आहे. ब्रशची रुंदी १७ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर धरला, तर तीन मीटर बाय चार मीटरची खोली शिस्तीने पट्टे ओढत झाडायला चार मिनिटे लागतील. भटकणारा रोबो तेवढ्याच वेळात सुमारे ६३ टक्के जमीन झाडतो, कारण काही जागांवरून तो दोनदा गेलेला असतो आणि काही जागा राहून गेलेल्या असतात. आठ मिनिटांत हे प्रमाण ८६ टक्क्यांवर जाते, बारा मिनिटांत ९५ वर आणि वीस मिनिटांत ९९ च्या पुढे. टेबलखुर्च्यांच्या अडगळीत हा हिशेब आणखी लांबतो, पण सूत्र तेच राहते. महागडे संवेदक टाळून त्यांच्या जागी वेळ खर्च करायचा. घरातली माणसे बाहेर असताना यंत्राने पाचपट वेळ घेतला तरी कोणाचे बिघडत नाही. स्वीडिश कंपनी इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट २००१ मध्ये, म्हणजे एक वर्ष आधी आला. तो ध्वनिलहरींनी अडथळे ओळखायचा, पण त्याची किंमत रूम्बाच्या कितीतरी पट होती.

विजेचे कोडे अधिक अवघड होते. भिंतीतल्या सॉकेटवर चालणारा अमेरिकी व्हॅक्यूम क्लीनर हजार-चौदाशे वॅट वापरतो. बॅटरीवरच्या रूम्बाला मोटरी, ब्रश आणि संवेदक मिळून सुमारे ३० वॅटमध्ये भागवायचे होते. म्हणून सुरुवातीच्या रचनेत हवा ओढण्याची सोय नव्हती आणि सगळा भार ब्रशवर होता. मात्र हवा न ओढणाऱ्या यंत्राला पुरेसे पैसे मोजायला संभाव्य ग्राहक तयार दिसेनात. तेव्हा रबराच्या दोन पट्ट्यांमध्ये अरुंद फट ठेवण्याची युक्ती निघाली. फट अरुंद असल्यामुळे थोड्या शक्तीतही हवेचा वेग पुरेसा राहतो आणि ब्रशमधून सुटलेली बारीक धूळ ओढली जाते.

ऑक्टोबर २००४ पर्यंत दहा लाखांहून अधिक रूम्बा विकले गेले. त्याच वर्षी चार्जिंगच्या तळावर स्वतःहून परतणारे मॉडेल आले. २०१५ च्या रूम्बा ९८० मध्ये कॅमेरा आला, घराचा नकाशा तयार होऊ लागला आणि भटकण्याच्या जागी पट्टे आले.

काही अडचणी मात्र नकाशामुळेही सुटल्या नाहीत. लांब केस ब्रशच्या टोकांना गुंडाळले जाऊन धुरा जाम होते. चार्जरची वायर आणि गालिच्याचे गोंडे ब्रशमध्ये ओढले जातात. काळ्या गालिच्यावरून किरण परतत नाहीत, त्यामुळे सपाट जमिनीवरही यंत्राला जिना दिसतो आणि ते थबकते. पाळीव कुत्र्याने घाण केली असेल तर ती घरभर पसरते. भारतीय घरात दोन गोष्टींची भर पडते. उंच उंबरठा रोबोला ओलांडता येत नाही, आणि केर काढून झाल्यावर ओल्या फडक्याने लादी पुसायची उरतेच. नंतरच्या काही मॉडेलांना पुसण्याचे फडके जोडले गेले, पण उंबरठा जिथल्या तिथे राहिला.

कॅमेऱ्याने नव्या अडचणीही आणल्या. विकासाच्या चाचण्यांसाठी लोकांच्या घरात ठेवलेल्या यंत्रांनी २०२० मध्ये टिपलेली खासगी चित्रे पुढे समाजमाध्यमांवर पोहोचली. हे २०२२ मध्ये उघड झाले. स्वस्त स्पर्धकांमुळे कंपनीही अडचणीत आली. ॲमेझॉनने २०२२ मध्ये ती सुमारे १.७ अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले होते, पण युरोपीय नियामकांच्या आक्षेपानंतर जानेवारी २०२४ मध्ये हा व्यवहार मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबॉटने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यंत्राची बरीचशी देखभाल हातानेच करावी लागते. धुळीचा डबा झटकायचा, ब्रश काढून केस कापायचे आणि संवेदकांच्या काचा पुसायच्या. काम सुरू करण्याआधी वायरी, मोजे आणि खेळणी उचलून ठेवायची. ही आवरासावर घरातल्या माणसांकडेच राहिली आहे.